आपलें आरोग्य : मान दुखूं लागली म्हणजे

आपल्या भाषेंत एखाद्याच्या कष्टांची वाखाणणी करावयाची झाली म्हणजे तो 'मान मोडून' काम करतो असें आपण म्हणतों. घरांतील सून सालस असली तर ती 'मान खालीं घालून' वागते, असें तिचें कौतुक होतें. ज्या अवयवाचें मोडणें व वाकणें हेंच सद्गुणाचें लक्षण ठरलें, त्याच्या दुखण्याकडे घरच्या मंडळींचें लक्ष उशिरानें जावें यांत नवल नाहीं. ताप आला तर काढा, पोट बिघडलें तर लंघन. परंतु मान दुखली तर 'अवघडली असेल, राहील आपोआप' एवढेंच उत्तर मिळतें, आणि पुष्कळदां तें खरेंही ठरतें. मात्र दुखणें महिना महिना रेंगाळूं लागलें कीं एकदम दुसरें टोंक गांठलें जातें. एक्स-रे काढला जातो, 'मणक्यांत गॅप आहे' असे तीन शब्द कानीं पडतात, गळ्याभोंवतीं पट्टा चढतो, आणि ज्याची मान त्या दिवसापर्यंत नुसती दुखत होती तो मनुष्य त्या दिवसापासून ती हलविण्यास भिऊं लागतो. उपेक्षा आणि भीति या दोन टोंकांच्या मध्यें जो सरळ मार्ग आहे, त्याचा विचार या महिन्यांत करावयाचा आहे.

प्रथम दुखतें तें काय, हें पाहूं. मानेंत सात मणके असतात व त्यांवर सुमारें साडेचार ते पांच किलो वजनाचें डोकें तोललेलें असतें. हा तोल सांभाळणारे स्नायू दोन थरांत आहेत. मणक्यांना लगटून असलेले आंतले लहान स्नायू दिवसभर थोडथोडें पण अखंड काम करतात. बाहेरचे मोठे स्नायू प्रसंगीं जोर लावतात. ज्यांची मान फार दिवस दुखते त्यांच्यांत पुष्कळदां असें आढळतें, कीं आंतले स्नायू शिथिल पडले आहेत व त्यांचें काम बाहेरचे करीत आहेत. सणासुदीला जड पातेलीं उचलणाऱ्या गड्यावर रोजचें सगळें घरकाम टाकावें, तसाच हा प्रकार. तो थकणारच. मानेपासून खांद्यापर्यंत जो ताठ दोर हाताला लागतो, तो या थकलेल्या स्नायूंचा असतो. ताप, गांठ, मोडलेलें हाड किंवा मज्जारज्जूवरील दाब असें कोणतेंही कारण नसून स्नायू, सांधे व त्यांचे बंध यांच्या शिणामुळें होणाऱ्या या दुखण्यास वैद्यकांत यांत्रिक स्वरूपाचें दुखणें म्हणतात. त्याची खूण ही, कीं एकाच स्थितींत राहिल्यानें तें वाढतें व स्थिति बदलली म्हणजे कमी होतें. तें खांद्यापर्यंत किंवा डोक्याच्या मागल्या भागापर्यंत पसरतें, आणि मान एका बाजूस वळवितांना अडल्यासारखी वाटते.

मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा, विळीवर भाजी चिरणारी वहिनी, पोथी मांडीवर धरून वाचणारे आजोबा आणि मोबाइलमध्यें डोकें खुपसून बसलेली नात, या सर्वांची मान एकाच कोनांत झुकलेली असते. केनेथ हंसराज या अमेरिकन शल्यविशारदानें २०१४ सालीं गणित मांडून दाखविलें, कीं डोकें १५ अंश पुढें झुकलें कीं मानेवरील भार सुमारें १२ किलो होतो व ६० अंश झुकलें कीं तो २७ किलोंपर्यंत जातो. हें कागदावरचें गणित आहे, माणसांच्या मानेवर केलेलें मोजमाप नव्हे. म्हणून त्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. मान वाकविणें हा रोग नाहीं, मान वाकण्यासाठींच आहे. तासन् तास वांकवून ती तशीच ठेवणें, ही अडचण आहे.

आतां त्या 'गॅप'विषयीं. वय वाढतें तशा दोन मणक्यांमधील चकत्या झिजतात, त्यांतील पाणी कमी होतें, मणक्यांच्या कडांना हाडाचे कंगोरे येतात. केंस पिकावे तसेंच हें आहे. जपानांत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, ज्यांना मानेची कसलीही तक्रार नव्हती अशा ४९७ लोकांच्या मानेचें एम्. आर्. आय्. चित्र घेण्यांत आलें. साठी ओलांडलेल्यांपैकीं ८६ टक्के पुरुषांत व ८९ टक्के स्त्रियांत चकत्यांची झीज दिसली. विशीच्या तरुणांतही १७ टक्के पुरुष व १२ टक्के स्त्रिया यांच्यांत ती होती. यांपैकीं कोणाचीही मान दुखत नव्हती. तेव्हां चित्रांत झीज दिसली म्हणजे दुखण्याचें मूळ सांपडलें असें होत नाहीं. आणि झीज कायम राहूनही दुखणें बरें होऊं शकतें. मानेचा पट्टा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवल्यानें तर आधींच शिथिल असलेले स्नायू अधिकच दुबळे होतात. डॉक्टरांनीं अमुक दिवस बांधा असें स्पष्ट सांगितलें असेल तेवढेच दिवस तो बांधावा.

मग मानेला हवें तरी काय? तिला थोडी, नेमाची व निर्भय हालचाल हवी असते. हें केवळ अनुमान नाहीं. अमेरिकेंत २७२ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटास औषधें दिलीं, दुसऱ्या गटाच्या मणक्यांवर हातानें उपचार केले, आणि तिसऱ्या गटास अवघ्या दोन बैठकींत घरचे व्यायाम शिकवून घरीं पाठविलें. सव्वीस आठवड्यांनंतर घरीं व्यायाम करणारांचें दुखणें औषधें घेणारांपेक्षां अधिक कमी झालें होतें, आणि हातानें उपचार करून घेणारांच्या ते बरोबरीस होते. फिनलंडमध्यें कचेरींत काम करणाऱ्या १८० स्त्रियांवरील प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वर्षभर मानेचे व खांद्यांचे स्नायू बळकट करणाऱ्यांना नुसतें ताण देणाऱ्यांपेक्षां बराच अधिक गुण आला. आणि २०११ सालच्या डेन्मार्कमधील एका प्रयोगांत तर रबरी पट्ट्याचा रोज केवळ दोन मिनिटांचा व्यायाम, आठवड्यांतून पांच दिवस, दहा आठवडे करणाऱ्यांचेंही दुखणें कमी झालें. 'आम्हांला वेळ कोठें आहे?' या नेहमींच्या प्रश्नास हें उत्तर पुरेसें आहे.

व्यायाम पुढीलप्रमाणें आहेत. पाठ सरळ राहील अशा खुर्चीवर, दोन्ही पावलें जमिनीवर टेंकवून बसावें. श्वास कोठेंही कोंडूं नये.

पहिला, हनुवटी मागें घेणें. नजर समोर सरळ ठेवून हनुवटी वर किंवा खालीं न करतां सरळ मागें घ्यावी, जणूं कोणी तोंडाशीं नको असलेला घांस आणला आहे. गळ्याखालीं वळी पडली म्हणजे बरोबर झालें असें समजावें. तीन ते पांच सेकंद थांबून सोडावें. असें दहा वेळां करावें.

दुसरा, निजून होकार देणें. उताणें निजून डोक्याखालीं घडी घातलेली पातळ चादर घ्यावी, गुडघे दुमडावे. डोकें अंथरुणावरून मुळींच न उचलतां 'हो' म्हणतांना मान जेवढी हलते तेवढीच हलवावी व दहा सेकंद तेथेंच ठेवावी. या वेळीं दोन बोटें गळ्याच्या बाजूस ठेवून पाहावें. बाहेरचे स्नायू दोरीसारखे ताठ झाले तर जोर जास्त झाला असें समजून तो कमी करावा. आंतल्या स्नायूंना जागें करणारा हा व्यायाम दिसण्यांत अगदींच क्षुल्लक आहे, आणि म्हणूनच पुष्कळजण तो टाळतात. हळूहळू दहा वेळांपर्यंत जावें.

तिसरा, मान वळविणें. हनुवटी खांद्याच्या दिशेनें सावकाश उजवीकडे न्यावी, क्षणभर थांबून मध्यें आणावी, मग डावीकडे. त्यानंतर खांदा वर न उचलतां कान खांद्याकडे झुकवावा, प्रथम एका बाजूस व मग दुसऱ्या. प्रत्येक बाजूस दहा वेळां. मान गोल गोल फिरविण्याची पद्धत शाळेच्या कवाइतींतून घरोघरीं आली आहे. दुखऱ्या मानेस ती मानवतेच असें नाहीं, म्हणून सोडून द्यावी.

चौथा, हाताचा विरोध. तळहात कपाळावर ठेवून डोक्यानें हातास व हातानें डोक्यास असें रेटावें, कीं डोकें जागचें हलूं नये. पांच सेकंद. मग हात डोक्यामागें ठेवून, नंतर उजव्या व डाव्या बाजूस तसेंच. जोर आपल्या शक्तीच्या निम्म्याहूनही कमी असावा. प्रत्येक बाजूस पांच वेळां पुरे.

पांचवा, खवाटे मागें ओढणें. पाठीवरचे दोन्ही खवाटे एकमेकांजवळ व किंचित् खालीं ओढावे, जणूं त्यांच्यामध्यें एखादें पुस्तक धरावयाचें आहे. खांदे कानांकडे चढूं देऊं नयेत. पांच सेकंद, दहा वेळां. मान दुखते म्हणून खांद्यांकडे लक्ष कशाला, असें वाटेल. परंतु हाताचें सारें ओझें ज्या स्नायूंवर लोंबतें ते खालून खवाट्यांना व वरून मानेला बांधलेले आहेत.

सहावा, ताण देणें. उजव्या हातानें खुर्चीची बैठक खालून धरावी व डोकें डावीकडे झुकवावें. मान व खांदा यांमध्यें सुखद ताण जाणवला कीं वीस ते तीस सेकंद तसेंच थांबावें. नंतर दुसरी बाजू. प्रत्येक बाजूस दोन ते तीन वेळां.

सातवा व्यायाम तिसऱ्या आठवड्यापासून. दोन हातांत पाण्यानें भरलेली अर्ध्या लिटरची एकेक बाटली घेऊन हात बाजूंनीं खांद्याच्या रेषेपर्यंत उचलावे व सावकाश खालीं आणावे. दहा वेळांपासून आरंभ करावा. सोपें वाटूं लागलें म्हणजे संख्या वाढवावी, आणि पुढें बाटली एक लिटरची घ्यावी.

पहिले दोन आठवडे पहिले तीन, पांचवा व सहावा एवढेच व्यायाम करावे. मान वळविण्याचा तिसरा व्यायाम मात्र दिवसांतून पांचसहा वेळां, थोडा थोडा. तिसऱ्या आठवड्यापासून चौथा व सातवा घालावा. सर्व मिळून पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. व्यायाम करतांना थोडें ओढल्यासारखें वाटणें रास्त आहे. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुखणें आदल्या दिवसाहून वाढलें असेल तर संख्या निम्मी करावी; व्यायाम बंद करूं नये. कळ हातांत उतरूं लागली तर मात्र तो विशिष्ट व्यायाम थांबवावा. आधीं गरम पाण्याच्या पिशवीनें दहापंधरा मिनिटें शेकल्यास मान मोकळी होते. शक्य असेल तर एकदां तरी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन हे व्यायाम त्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवावे. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत या शास्त्राचें शिक्षण १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच सुरू झालें, आणि आज लहान शहरांतूनही त्याचे जाणकार भेटतात.

कांहीं वाचक विचारतील, आम्ही रोज सूर्यनमस्कार घालतों, मग हें वेगळें कशाला? औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्याचा एवढा प्रसार केला, तो व्यायाम सर्वांगास उत्तम आहे यांत शंका नाहीं. परंतु त्यांत मान एकदां पूर्ण मागें व एकदां पूर्ण पुढें जाते. आंतल्या लहान स्नायूंस त्यांत स्वतंत्र शिकवण मिळत नाहीं. मान दुखत असतांना नमस्कार घालावयाचेच असतील तर छाती वर उचलण्याच्या स्थितींत मान मागें लववूं नये, नजर समोर ठेवावी. शीर्षासन व सर्वांगासन मात्र मान पूर्ण बरी होईपर्यंत वर्ज्य समजावें.

त्याहून निक्षून सांगावयाची गोष्ट म्हणजे डोक्याला तेल चोळतां चोळतां मान कडकन् मोडून देण्याची चाल. त्या आवाजानें घटकाभर बरें वाटतें खरें. परंतु मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून मेंदूस रक्त नेणाऱ्या दोन वाहिन्या जातात, आणि अचानक दिलेल्या हिसक्यानें त्यांचें अस्तर फाटून पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नोंदलेलीं आहेत. असे प्रसंग थोडे, पण झालेली हानि कायमची. चंपी खुशाल करून घ्यावी. मान मात्र कोणाच्या हातांत देऊं नये.

घरच्या व्यायामांवर कोठें विसंबूं नये, हेंही समजून घेतलें पाहिजे. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखूं लागली. दुखण्याबरोबर ताप आहे, वजन घटत आहे, किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे. रात्रीं कोणत्याही कुशीवर दुखणें थांबत नाहीं. हातांत मुंग्या येतात किंवा पकड कमी झाली आहे. अशा वेळीं आधीं डॉक्टर, मग व्यायाम. आमवात किंवा हाडांचा ठिसूळपणा असणारांनींही विचारल्यावांचून विरोधाचे व्यायाम करूं नयेत. ताप, तीव्र डोकेदुखी व ताठरलेली मान. मानेंत एकाएकीं उठलेली असह्य कळ व तिच्याबरोबर चक्कर, अडखळती वाणी किंवा एकाचे दोन दिसणें. मान, जबडा व डावा हात दुखून छातींत दाटणें व घाम सुटणें. यांपैकीं कांहीं झाल्यास एक क्षणही न दवडतां रुग्णालय गांठावें.

एक लक्षण असें आहे कीं जें एकत्र कुटुंबांतच हमखास नजरेआड होतें. आजोबांना सदऱ्याचीं बटणें लावतां येईनाशीं होतात, अक्षर बिघडतें, चालतांना तोल जातो, पाऊल कोठें पडतें तें कळत नाहीं. मान फारशी दुखतही नसते. घरांतील सर्वजण म्हणतात, 'वय झालें आतां.' कोणी प्रेमानें बटणें लावून देतें, कोणी हात धरून जिना उतरवितें, आणि त्या सेवेच्या भरांत डॉक्टरांकडे नेण्याचें राहून जातें. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जूवर दाब आल्याचें हें लक्षण असूं शकतें. वेळींच ओळखलें तर पुढील हानि टाळतां येते. उशीर झाला तर गेलेली शक्ति बहुधा परत येत नाहीं. घरांतील वृद्धांच्या हातांकडे व चालीकडे लक्ष ठेवणें, हा सेवेचाच एक भाग मानावा.

शेवटीं, हे व्यायाम कोणी करावयाचे आणि केव्हां, या प्रश्नाकडे येऊं. कचेरींतून आलेल्या पुरुषानें दिवाणखान्यांत पंधरा मिनिटें मान वळवीत बसावें, तर त्यास कोणी हटकीत नाहीं. त्याच वेळीं ओट्यापाशीं पोळ्या लाटणाऱ्या सुनेनें लाटणें बाजूला ठेवून खुर्ची ओढली, तर कोणीं कांहीं बोललें नाहीं तरी तिला स्वतःलाच अपराध्यासारखें होतें. ती व्यायाम रात्रीं सर्व आवरल्यावर करीन म्हणते, आणि रात्रीं डोळे मिटत असतात. सहा आठवड्यांनीं 'मला कांहीं गुण आला नाहीं' असें ती म्हणते, तेव्हां दोष व्यायामाचा नसतो. यावर उपाय एकच : दिवेलागणीनंतरचीं पंधरा मिनिटें घरानें सर्वांसाठीं राखून ठेवावीं, आणि सासूबाईंनीं पहिली खुर्ची स्वतः घ्यावी. वडीलधाऱ्यांनीं जें केलें त्यास घरांत आळस म्हणत नाहींत. तसेंच ओट्याची उंची, विळीऐवजीं उभ्यानें सुरीनें चिरणें, लॅपटॉपखालीं जुन्या पुस्तकांची चवड, पोथी मांडीवर न धरतां चौरंगावरील ठवणीवर ठेवणें, उशी कुशीवर निजल्यावर कान व खांदा यांमधील जागा भरून काढील एवढ्याच जाडीची घेणें, आणि कोणतेंही काम असो, दर अर्ध्या तासानें मिनिटभर उठणें, या गोष्टी एकदां ठरवून टाकाव्या.

आरंभ करण्यापूर्वीं एक नोंद करावी. भिंतीस पाठ लावून बसावें व धड न वळवितां मान डावीकडे आणि उजवीकडे वळवून खोलींतील कोणती वस्तु शेवटची दिसते तें दिनदर्शिकेवर लिहून ठेवावें. दुखण्यास शून्य ते दहा यांपैकीं किती आंकडा द्याल, तोही शेजारीं लिहावा. बेचाळिसाव्या दिवशीं त्याच जागीं बसून पुन्हां पाहावें. मान अधिक वळली व आंकडा उतरला असेल तर व्यायाम आठवड्यांतून तीन दिवस पुढेंही चालू ठेवावे. कांहींच फरक नसेल तर हीच नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावें, म्हणजे त्यांनाही पुढील विचार करणें सोपें जाईल.